इटलीच्या मिश्र रेड वाइन्स: नुसत्या पिऊ नका, जेवताना प्या

पडवी (धागाकर्ती)

मागे एका धाग्यावर दोघातिघांनी लिहिलं होतं की इटालियन रेड म्हणजे आंबट-तुरट पाणी आणि वर नावाचे पैसे. तिथे उत्तर लिहायला बसले तर ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतेय. वेरोनात राहते, त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, सांभाळून घ्या.

तक्रार खरी आहे. किआंती क्लासिकोची (मध्य इटलीतल्या तस्कनी प्रांतातली रेड) बाटली उघडून टीव्हीसमोर नुसती घोट-घोट घेतली तर आंबट लागते, हिरड्या कोरड्या पडतात आणि दुसरा ग्लास भरावासा वाटत नाही. पण टीव्हीसमोर प्यायला ती केलेलीच नाही. इथे जेवणाच्या टेबलावर पाव, पाणी आणि वाइन एकदमच येतात. संध्याकाळी बारमध्ये उभ्या-उभ्या घेतात तेव्हासुद्धा सोबत बशीत काहीतरी असतंच, निदान चार ऑलिव्ह.

बारोलो, ब्रुनेल्लो या एकाच द्राक्षाच्या वाइन्सचा गवगवा जास्त. पण टेबलावर येणाऱ्या बऱ्याचशा रेड दोन-तीन द्राक्षं मिळून होतात, आणि ती मिश्रणं पिढ्यान् पिढ्या त्या-त्या भागातल्या जेवणासोबत ठरत गेली आहेत. म्हणून त्यांची परीक्षा ताटासोबत घ्यावी.

सुरुवात किआंतीपासून करू. १८७२ साली ब्रोलिओच्या गढीचे मालक बारोन बेत्तिनो रिकासोली (हे गृहस्थ दोनदा इटलीचे पंतप्रधानही होते) यांनी पिसाच्या एका प्राध्यापकाला पत्र लिहून आपलं प्रमाण कळवलं. वास आणि जोर सांजोवेझे द्राक्षाचा. त्याचा करडेपणा उतरवायला कानायोलो. मालवाझिया हे पांढरं द्राक्ष फक्त लवकर प्यायच्या हलक्या वाइनमध्ये, मुरवायची असेल तर टाळलेलं बरं.

यातलं शेवटचं कलम पुढे सगळ्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवलं. १९६७ च्या डीओसी (कुठल्या भागाची वाइन कशी करायची हे ठरवणारा सरकारी दर्जा) नियमांत तर १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची झाली, कारण त्रेब्बियानो हे पांढरं द्राक्ष भरघोस पिकतं आणि ते खपवायचं होतं. गवताच्या विणीत बसवलेल्या त्या पोटफुग्या बाटलीतून जगभर गेलेली पाणचट किआंती ती हीच. आज किआंती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे लागतं आणि २००६ च्या हंगामापासून पांढरी द्राक्षं बंद आहेत. बाटलीच्या मानेवर काळा कोंबडा असेल तर ती क्लासिको. नुसती 'किआंती' लिहिलेली वाइन बऱ्याच मोठ्या प्रदेशातून येते आणि तिचे नियमही सैल आहेत.

चाखून बघायचं तर तीन गोष्टी समोर ठेवा: पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज) किंवा कुठलंही खारट, मुरलेलं चीज, लसूण-टोमॅटोत शिजवलेली पांढरी घेवड्याची उसळ (तस्कनीत ती सेज घालून करतात, फाजोली आल्लुच्चेल्लेत्तो), आणि साधा पाव. पहिला घोट नुसता घ्या. गालांच्या आतून कोरडं वाटेल. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य) चिकटतं, लाळेचा ओशटपणा जातो, आणि त्यालाच आपण तुरट म्हणतो. आता चीजचा तुकडा चावून गिळा आणि पुन्हा घोट घ्या. टॅनिनला चिकटायला चीजमधलं प्रथिन आणि चरबी मिळालेली असते, मिठाने कडवटपणाही दबतो. मग उसळ. टोमॅटोच्या आंबटापुढे वाइनचा आंबटपणा मागे जातो आणि मघाशी कुठे दिसत नसलेली चेरी वर येते. कमी आंबटाची, गुळगुळीत वाइन इथे नेमकी मार खाते, टोमॅटोपुढे ती बेचव होते.

भारतात असाल तर बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. 'रूम टेंपरेचर'ला प्या म्हणतात ती खोली युरोपातली, १६-१८ अंशांची. ३२ अंशांच्या खोलीत रेडमधून नुसता स्पिरिटचा भपकारा येतो.

पुढे आमच्या वेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लाबद्दल आणि सिसिलीबद्दल लिहीन, आधी तुमचं येऊ द्या.


चिंचगुळ

मस्त धागा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. घरात आम्ही शाकाहारी, म्हणून घेवड्याची उसळ वाचून जिवात जीव आला. नाहीतर वाइनच्या प्रत्येक लेखात स्टेकशिवाय पान हलत नाही.


खवट

लेख छान, पण मुद्दा पटला नाही. जी नुसती प्यायली तर चांगली लागत नाही आणि चीजने तोंड माखल्यावर बरी लागते, ती चांगली वाइन कशी? हे तर दोष झाकणं झालं. आणि इटालियन लोकांनाच ते पटत नसावं, नाहीतर 'सुपर टस्कन' (तस्कनीतल्या, नियम मोडून केलेल्या महागड्या रेड) कशाला निघाल्या असत्या? त्या नुसत्या प्यायल्या तरी उत्तम लागतात.


आडवाट

खवट, सुपर टस्कनची गोष्ट थोडी वेगळी आहे. तस्कनीतल्या बोल्गेरीला समुद्राजवळच्या दगडगोट्यांच्या जमिनीत मारियो इंचिझा देल्ला रोक्केत्ता यांनी १९४० च्या दशकात काबेर्ने हे फ्रेंच द्राक्ष लावलं, कारण त्यांना स्वतःला फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइन्स आवडायच्या. बरीच वर्षं ती घरातच प्यायली जायची. १९६८ च्या हंगामाची पहिल्यांदा बाजारात आली, ती सास्सिकाया: ८५ टक्के काबेर्ने सोविन्यों, उरलेलं काबेर्ने फ्रां. १९७८ मध्ये डिकँटर मासिकाने लंडनमध्ये जगभरच्या काबेर्नेंची चाचणी घेतली, त्यात १९७२ ची सास्सिकाया पहिली आली. आणि कागदोपत्री ती होती 'विनो दा ताव्होला', म्हणजे सगळ्यात खालची पायरी, कारण त्या भागात असल्या द्राक्षांच्या रेडसाठी नियमच नव्हते.

तिकडे किआंतीत आंतिनोरी घराण्याने १९७१ पासून तिन्यानेल्लो ही वाइन किआंतीचं नाव न लावता विकायला काढली. १९७५ पासून पांढरी द्राक्षं पूर्ण बाद, सांजोवेझेसोबत थोडं काबेर्ने, आणि मुरवायला लहान फ्रेंच ओक पिंपं. दोन्ही वाइन्समागे जाकोमो ताकिस हा एकच वाइनतज्ज्ञ होता.

म्हणजे बंड ताटाविरुद्ध नव्हतंच, सक्तीने पांढरी द्राक्षं घालून पाणचट केलेल्या किआंतीविरुद्ध होतं. सरकारला जाग यायला १९९२ उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्याने आयजीटी हा (डीओसीपेक्षा सैल नियमांचा) वर्ग आला आणि या वाइन्सना बसायला जागा झाली. बोल्गेरीच्या रेडला १९९४ मध्ये डीओसी मिळालं, आणि २०१३ पासून सास्सिकायाला तिचं एकटीचं.


पडवी

आडवाट, नेमकं लिहिलंत. खवट, तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग मला मान्य आहे. काबेर्ने आणि मेर्लो ही फ्रेंच द्राक्षं जास्त असलेल्या बोल्गेरीच्या वाइन्स नुसत्या प्यायला सोप्या असतात. आंबट कमी, फळ भरपूर, टॅनिन पिकलेलं. पण त्याच ग्लासासोबत वरची टोमॅटोची उसळ खाऊन बघा. ओकचा व्हॅनिला आणि टोमॅटो यांचं अजिबात पटत नाही. बोल्गेरीला कोळशावर भाजलेलं मांस लागतं. शाकाहारात भाजलेलं पोर्तोबेल्लो मशरूम किंवा रोझमेरी घालून परतलेले बटाटे. दोन्ही वाइन्स शेजारी ठेवून एकाच ताटाबरोबर प्यायल्या की मी म्हणतेय ते पाचच मिनिटांत कळतं.

रंगही बघा. खरं सांजोवेझे पारदर्शक माणकासारख्या लाल रंगाचं असतं, ग्लास तिरका धरला की कडेला विटकरी झाक. ग्लासामागची बोटं दिसत नसतील तर आत काबेर्ने, मेर्लो किंवा कोलोरिनोचा (तस्कनीतलं गडद रंगाचं द्राक्ष) हात आहे असं समजायला हरकत नाही. किआंती गर्द काळी असेल तर मला आधी शंकाच येते.


आडवाट

+१. आणि या शंकेने तस्कनीतल्या माँताल्चिनो गावात काय झालं ते आठवा. ब्रुनेल्लो नियमाने १०० टक्के सांजोवेझेची हवी. २००८ मध्ये त्यात दुसरी द्राक्षं मिसळल्याच्या संशयावरून तपास सुरू झाला, वाइनचे साठे अडकले, अमेरिकेने सांजोवेझे असल्याचा दाखला मागितला. नंतर २०११ मध्ये त्या गावच्या धाकट्या वाइनमध्ये, रोस्सो दि माँताल्चिनोत, इतर द्राक्षांना परवानगी द्यावी का यावर उत्पादकांचं मतदान झालं आणि बहुमताने नाही म्हटलं.

माझं वैयक्तिक मत: काबेर्ने दहा टक्क्यांवर गेलं की सांजोवेझे बोलायचं बंद होतं. कानायोलो, कोलोरिनोचं तसं नाही. ती मसाल्यातल्या दगडफुलासारखी असतात, आहेत हे कळत नाही, नसली तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.


पडवी

दहा टक्क्यांचं तुमचं गणित कार्मिन्यानोला लावू नका हं. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेचा हा चिमुकला भाग. १७१६ मध्ये कोझिमो तिसरा मेदिची याने फर्मान काढून ज्या चार वाइन प्रदेशांच्या सीमा आखल्या त्यात किआंतीबरोबर हाही होता. इथे काबेर्ने जुनं आहे, आणि १९७५ मध्ये डीओसी मिळालं तेव्हाच ते नियमात होतं. आजही १० ते २० टक्के सक्तीचं. आणि तरीही सांजोवेझे व्यवस्थित बोलतं. सुपर टस्कनच्या किमतीच्या अंशात मिळते, शोधून प्या.


निफाडकर

द्राक्षबागायतदाराच्या नजरेतून एक शंका. आमच्याकडे एका प्लॉटमध्ये एकच जात. छाटणी, फवारणी, थिनिंग सगळं त्या हिशेबाने. इटलीत एकाच बागेत तीन-चार जाती लावत असतील तर त्या एका वेळी तयार होत नाहीत, मग तोडणी कशी करतात? आणि तिकडे वर्षातून एकच छाटणी का?


पडवी

निफाडकरदादा, भारी प्रश्न. छाटणी एकच, हिवाळ्यात. थंडीत वेल झोपतो, पानं गळतात, त्यामुळे आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी विभागणी नाही. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.

आता जाती. आजच्या बागांत इथेही प्लॉट वेगळे असतात, प्रत्येक द्राक्ष वेगळं आंबवतात आणि नंतर टाकीत मिसळतात. पण जुनी पद्धत वेगळी होती. तस्कनीत साधारण १९६० च्या दशकापर्यंत 'मेझ्झाद्रिया' म्हणजे अर्धेलीची शेती चालायची. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं-निम्मं. कुळाला त्याच रानातून गहू, तेल, भाजी, वाइन सगळं काढायचं असायचं. वेल मॅपलसारख्या झाडांवर चढवायचे, मधल्या पट्ट्यात गहू, कडेला ऑलिव्ह. त्यात द्राक्षांच्या जाती मिसळलेल्या, तोडणी बहुधा एकदमच. सांजोवेझे उशिरा पिकतं, थंड वर्षी आंबटढाण राहतं. पावसाने एक जात मार खाल्ली तर दुसरी हाताशी हवी. म्हणजे मिश्रण हा चवीइतकाच पोटापाण्याचाही हिशेब होता. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले, कुळं शहरात गेली, आणि मग सलग द्राक्षबागा आल्या.

'गोव्हेर्नो' नावाचा एक जुना प्रकारही होता, अजून काही जण करतात. थोडी द्राक्षं बाजूला सुकवत ठेवायची आणि आंबून होत आलेल्या वाइनमध्ये टाकायची, की थंडीत रेंगाळलेलं आंबणं परत सुरू होतं आणि वाइन थोडी गोलसर होते. त्यासाठी कानायोलो बरं, सुकताना सडत नाही.


तासगावकर

सुकवायचा विषय निघालाच आहे तर विचारतो. वाल्पोलिचेल्लातल्या अमारोने या वाइनची द्राक्षं १०० दिवस सुकवतात असं वाचलंय. आमच्याकडे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीवर टाकले की १५ दिवसांच्या आसपास बेदाणा तयार. १०० दिवस कसले लावतात?


पडवी

वा, हा प्रश्न इथल्या कुणी विचारला नसता! तुम्ही डिपिंग करता ते मण्यावरचा मेणाचा थर जाऊन पाणी लवकर उडावं म्हणून. इथे उलट हवं असतं. काहीही लावत नाहीत, साल फुटू देत नाहीत, आणि बेदाणाही करायचा नसतो. मण्याचं वजन एक तृतीयांशाच्या आसपास घटलं की झालं. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत गारठा, त्यात पाणी सावकाश उडतं, आणि त्या सावकाशीतच साल आणि गर यांच्यात बदल होतात. साखर दाटते, वास बदलतो, ताज्या चेरीची जागा सुकलेली चेरी, अंजीर आणि थोडा कोको घेतात. नियमाप्रमाणे १ डिसेंबरच्या आधी चेचायची परवानगी नाही.

पूर्वी बांबूच्या मांडवांवर पसरायचे, आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचे उथळ क्रेट, घडांचा एकच थर. या खोल्या डोंगरउतारावर बांधतात, वारा मिळावा म्हणून. नोव्हेंबरचं धुकं हा खरा शत्रू, करडी बुरशी धरते. मोठे पंखे, आर्द्रतेचे मीटर, आणि दर थोड्या दिवसांनी कुजलेला मणी हाताने काढणं. अशा खोलीत शिरलं की पहिल्यांदा वास येतो तो जॅमसारखा गोड आणि त्याच्या मागे ओल्या पुठ्ठ्याचा. दुसरा वास जास्त झाला की कामगारांचे चेहरे बदलतात.

मिश्रणात प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. कोर्विना मुख्य, चेरीचा वास तिचा. कोर्विनोनेचा मणी मोठा, टॅनिन जास्त. १९९३ पर्यंत तिला कोर्विनाचाच प्रकार मानत होते, मग कळलं की जात वेगळी आहे. रोंदिनेल्ला चवीला साधी, पण भरवशाची, सुकताना सहसा सडत नाही. मोलिनारा रंगाला फिकी, आता सक्तीची राहिली नाही म्हणून मागे पडली. मला तिच्याबद्दल हळहळ वाटते, तिच्यामुळे वाल्पोलिचेल्लाला हलकेपणा यायचा.

याच द्राक्षांच्या इथे चार वाइन्स होतात. ताजी द्राक्षं लगेच आंबवली की साधी वाल्पोलिचेल्ला. सुकवून आंबवली आणि सगळी साखर संपू दिली की अमारोने. साखर शिल्लक असताना थांबवली की गोड रेचोतो, आणि ही अमारोनेपेक्षा जुनी. अमारोने काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यावर साधी वाल्पोलिचेल्ला ओतून पुन्हा आंबवली की रिपास्सो. बाजारात रिपास्सो पहिल्यांदा गाजली ती माझी (Masi) या वाइन घराण्याच्या १९६४ च्या 'काम्पोफियोरिन'मुळे.

पैसे बेताचे असतील तर रिपास्सो घ्या. खरं सांगायचं तर जेवणासोबत मी अमारोनेपेक्षा तिलाच हात घालते. अमारोने १५-१६ टक्क्यांवर जाते, एका ग्लासानंतर जेवण बाजूलाच राहतं.


तासगावकर

धन्यवाद ताई. ओल्या पुठ्ठ्याचा वास आम्हालाही चांगलाच ओळखीचा आहे, अवकाळी पाऊस झाला की शेडमध्ये तोच येतो.


खवट

अमारोने जेवणाबरोबर जात नाही हे तुम्हीच कबूल केलंत. मग धाग्याचं शीर्षक?


पडवी

:) अहो, जातं ना. पण त्याच्या तोडीचं जेवण लागतं. वेरोनात उकडलेलं मांस आणि त्यावर 'पेआरा' करतात. शिळ्या पावाचा चुरा, हाडातला मगज, मांसाचं सूप आणि भरपूर काळी मिरी, तासन् तास मंद आचेवर. चव सौम्य, अंगाने जड. तिथे अमारोने बसते. दुसरं म्हणजे अमारोनेतच शिजवलेला रिसोत्तो, इझोला देल्ला स्कालाच्या व्हियालोने नानो तांदळाचा. भात जांभळट होतो, दिसायला काही खास नाही. शेवटी लोणी आणि मोंते व्हेरोनेझे चीज घालून घोटला की वाइनचा कडवटपणा आणि चीजचा गोडवा एकमेकांना धरतात. मांस नको असेल तर भाजीच्या सूपमध्ये करा, काही बिघडत नाही.


रंकाळा

कोल्हापुरी माणसाचा प्रश्न. तांबड्या रश्श्याबरोबर अमारोने. मटण आहे, जोरकस वाइन आहे. बसायला पाहिजे.


आडवाट

रंकाळा, नको. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, तोंडातले तिखट ओळखणारे संवेदक त्यानेही चेतवले जातात. १५ टक्क्यांची वाइन, त्यात टॅनिन, वर तांबडा. घाम फुटेल, चव कशाचीच लागणार नाही. रश्श्यासोबत सोलकढी घ्या, वाइन हवीच असेल तर सुक्या मटणाबरोबर, तेही तिखट बेताचं असेल तर. कमी टॅनिनची, कमी अल्कोहोलची, थोडी गार.


रंकाळा

तिखट बेताचं असलेलं सुकं मटण म्हणजे आजारी माणसाचं जेवण. असो, चालू द्या.


मुशाफिर

कमी टॅनिनची, थोडी गार म्हटलंत म्हणून सिसिलीबद्दल लिहितो, कातानियाला कामानिमित्त बऱ्यापैकी राहणं झालंय.

चेराझुओलो दि वित्तोरिया. सिसिलीतली एकमेव डीओसीजी (डीओसीच्या वरची पायरी), २००५ पासून. ५० ते ७० टक्के नेरो दावोला, उरलेलं फ्राप्पातो. नेरो दावोला एकटं असलं की उन्हाळ्यात जड होतं, काळपट फळ, अल्कोहोल चढतं. फ्राप्पातो एकदम हलकं, लाल, फुलांचा वास, तुरटपणा जवळपास नाहीच. दोन्ही मिळून जे होतं ते १४ अंशांना गार करून दुपारी पिता येतं. तिथे लोक ट्यूनाबरोबर घेतात, कांदा-व्हिनेगर घालून आंबटगोड केलेला. रेड आणि मासा हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी करून बघावं.

दुसरी एत्ना रोस्सो. ज्वालामुखीच्या उतारावर, काही बागा हजार मीटरच्या आसपास. ८० टक्के तरी नेरेल्लो मास्कालेझे, बाकी मुख्यतः नेरेल्लो काप्पुच्चो. मास्कालेझे रंगाला फिकं, पण आंबट आणि तुरट दोन्ही ठणठणीत. काप्पुच्चो त्याला रंग आणि मऊपणा देतं. इथे शाकाहाऱ्यांची चैन आहे: कातानियाची पास्ता आल्ला नोर्मा. तळलेलं वांगं, टोमॅटो, तुळशीच्या कुळातलं ते बेसिल, आणि वरून किसलेली खारवलेली सुकी रिकोत्ता. वांग्यातलं तेल टॅनिन सांभाळतं, टोमॅटो आंबटाला आंबट देतो, रिकोत्ता मीठ पुरवते. पडवीताईंच्या पहिल्या पोस्टमधलं सगळं एका ताटलीत.


शेवंती

ट्यूना चालतो तर बांगडा का नाही? आमच्याकडे रत्नागिरीला आठवड्यातून दोनदा असतो.


मुशाफिर

बांगड्याला नको. तेलकट मासा आणि रेड एकत्र आले की वाइनमधलं लोह माशाच्या चरबीशी भिडतं आणि तोंडात धातूसारखी, शिळ्या माशाची चव राहते. ट्यूना तिथे मांसासारखा जाड तुकड्यांत शिजवतात, कांदा आणि व्हिनेगर भरपूर, म्हणून निभावतं. बांगड्याला पांढरीच बरी.


चिंचगुळ

शाकाहारावरून आठवलं. कुणीतरी सांगितलं की पार्मेजान शाकाहारी नसतं. खरं का? आणि वाइनमध्ये अंडं घालतात हे काय प्रकरण आहे?


पडवी

दोन्ही खरं. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानोत वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) वापरतात, नियमातच आहे. पेकोरिनो रोमानोत कोकराचं. त्यामुळे काटेकोर असाल तर लेबलवर 'काल्यो व्हेजेताले' शोधा. व्होल्तेर्राजवळ पेकोरिनो देल्ले बाल्झे व्होल्तेर्राने म्हणून एक आहे, ते रानटी कार्दोन या काटेरी झाडाच्या फुलांच्या रेनेटने लावतात. चव मऊ, किंचित कडवट, किआंतीबरोबर फार छान.

रेड वाइन स्वच्छ करायला, जास्तीचं टॅनिन खाली बसवायला अंड्याचा पांढरा बलक वापरायची पद्धत जुनी आहे. तो गाळासोबत निघून जातो. सगळेच वापरत नाहीत, ज्यांना नको असतं ते बाटलीवर 'वेगन' छापतात.


निफाडकर

अवांतर: सांजोवेझेचा विषय आहे तर आपल्या अकलूजचं नाव यायला हवं. सोलापूर जिल्ह्यात, २००७ साली, इटालियन सेच्ची बंधू आणि सेखरी, मोहिते-पाटील या भावांच्या जोड्यांनी मिळून फ्रातेल्ली ही वाइनरी सुरू केली. वाइन घडवली ती तस्कनीच्या पिएरो मासी या वाइनमेकरने. त्यांची 'सेत्ते' सांजोवेझे आणि काबेर्ने सोविन्यों मिळून होते, म्हणजे आडवाटांनी सांगितलेल्या तिन्यानेल्लोच्याच वाटेवरची. आयात शुल्कापायी इटालियन बाटलीची किंमत कुठच्या कुठे जाते, त्यापेक्षा ही जवळची. फरक एवढाच की आपल्याकडे द्राक्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना तयार होतं. आंबट टिकवायला तोडणी पहाटे आणि वेळेवर व्हावी लागते, चार दिवस उशीर केला की साखर पुढे आणि आंबट मागे.


खवट

सेत्ते प्यायलोय. नुसती. चांगली लागली. :)


चिंचगुळ

निफाडकर, ही सोयीची माहिती. आता पडवीताई, शेवटचं. महिनाअखेरीस घरी आठ जण जेवायला आहेत, सगळे शाकाहारी, एकाच्या हाती परदेशातून बाटल्या येणार आहेत. वांग्याची पार्मिजाना (वांगी, टोमॅटो आणि चीजचे थर लावून भाजलेली), मशरूम रिसोत्तो आणि शेवटी चीज असा बेत आहे. काय सांगू त्याला आणायला?


पडवी

हलकीकडून भारीकडे जा. लोक येऊन टेकतात तेव्हा चेराझुओलो दि वित्तोरिया, पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवलेली, ऑलिव्ह आणि टोमॅटो लावलेल्या भाजक्या पावाबरोबर. पार्मिजानाला साधी किआंती क्लासिको. रिझेर्व्हा किंवा ग्रान सेलेझ्योने (जास्त मुरवलेल्या, वरच्या पायरीच्या) नको, ओक जास्त असलं तर टोमॅटोशी भांडेल आणि पैसेही जास्त जातील. मशरूम रिसोत्तोला रिपास्सो. मित्र उदार असेल तर चीजच्या वेळी अमारोने, मुरलेल्या चीजबरोबर, प्रत्येकी तीन-चार घोटांपुरती. आठ जणांत एक बाटली पुष्कळ झाली. ती तासभर आधी उघडून जगमध्ये ओतून ठेवा. किआंतीला तसं काही करायची गरज नाही.

ग्लास तिसऱ्या हिश्श्याच्या वर भरू नका, वासाला जागा हवी. आणि पार्मिजानात मिरची घालायचा मोह झाला तर तो रिसोत्तोनंतर कोशिंबिरीवर काढा.


चिंचगुळ

छापून फ्रीजवर लावतेय. आणि गोडाला? पुरणपोळी करायचा विचार होता. ती गोड रेचोतो चालेल का सोबत?


पडवी

रेचोतोला गडद चॉकलेट द्या, नाहीतर गोर्गोन्झोला हे निळ्या बुरशीचं चीज. तिच्यातही टॅनिन आहे, तूप-वेलचीपुढे ती कडवट होईल. पुरणपोळीला दूधच.


रंकाळा

दूधच. आणि कटाची आमटी. तिच्याबरोबर कुठली वाइन, यावर मी वेगळा धागा काढतो.